लूप एकेकटे छान वाजतात, एकत्र का बसत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यानं बँडलॅब या ब्राउझरवरच्या संगीत-सॉफ्टवेअरमध्ये गणपतीचं एक गाणं उभं केलंय. चाल स्वतःची, भूपाच्या अंगानं जाणारी. गाणार बहीण, तिची पट्टी काळी चार. वेग १०० बीपीएम, म्हणजे मिनिटाला शंभर ठोके. एका पथकाच्या व्हिडिओतून काढलेला ढोल-ताशाचा तुकडा आणि लायब्ररीतले पियानो, बासरी, बेस व ड्रमचे लूप (पुन्हापुन्हा वाजवता येणारे तयार तुकडे) असे पाच थर लावलेत. एकेक लूप सुटा ऐकला तर झकास, पण सगळे मिळून वाजले की ठिगळं लावल्यासारखं वाटतं. दुसरा प्रश्न असा, की लूपवर ‘रॉयल्टी फ्री’ लिहिलेलं असूनही यूट्यूबवर क्लेम, म्हणजे ‘हे आमचं आहे’ असा दुसऱ्याचा दावा, आला, तो का?

दोन्ही दुखण्यांचं मूळ मला एकच दिसतं. लूप कोणीतरी, कशासाठी तरी, कुठल्या तरी वेगात, पट्टीत आणि खोलीत वाजवलेला असतो, आणि कुठल्या तरी अटींवर दिलेला असतो. हे सगळं तो बरोबर घेऊन येतो. त्यातलं तुमच्या गाण्याला काय हवं आणि काय नको, हे ठरायच्या आधीच तुमच्याकडे पाचही लूप टाइमलाइनवर पडले.

तयार लूप वापरणं म्हणजे आळस, असं मी मानत नाही. हे आधीच सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात थोडा संकोच दिसला. २००७ मध्ये जगभर वाजलेल्या रिहानाच्या ‘अंब्रेला’चा ठेका अ‍ॅपलच्या गॅरेजबँड या संगीत-सॉफ्टवेअरबरोबर मिळणाऱ्या ‘व्हिंटेज फंक किट ०३’ या लूपवर उभा आहे. तो लूप गॅरेजबँड असलेल्या कोणाच्याही मॅकवर पडून होता. त्यावर असं गाणं कोणी रचलं नव्हतं, इतकंच.

आता मुद्द्यावर येऊ. लायब्ररीतला लूप बनवणाऱ्याला ठाऊक असतं, की लोक तो पाच सेकंद ऐकून घ्यायचा की सोडायचा ते ठरवणार. म्हणून तो पाच सेकंदांतच भरगच्च वाटेल असा बनवलेला असतो. खाली जाड बास, वर चमक, डावी-उजवीकडे पसरलेला आवाज, भोवती भरपूर रिव्हर्ब, म्हणजे खोलीत घुमल्यासारखा आवाज. पियानोचा लूप घ्या. त्यात डाव्या हाताचा बेससुद्धा असतो. ड्रमच्या लूपमध्ये किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) असते, आणि तुमच्या ढोलाचा घुमारा नेमका तिथेच बसतो. म्हणजे खालच्या, जाड आवाजांत तुमच्याकडे बेस, पियानोचा डावा हात, किक आणि ढोल अशी चौघांची गर्दी झालीये. यात आवाज कमीजास्त करून काही साधणार नाही.

सगळे ट्रॅक म्यूट करा. बहिणीचा आवाज आणि एकच तालवाद्य ठेवून मुखडा ऐका. गणपतीच्या गाण्यात हे तालवाद्य ढोल असणार हे उघड आहे. या दोघांवर गाणं चालतंय का? चालत असेल, तर पुढचा प्रत्येक लूप तिथे कशासाठी येतोय हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ‘बासरी मुखड्याच्या ओळी संपल्यावरची मोकळी जागा भरते’ हे उत्तर चालेल. ‘बासरीनं छान वाटतं’ हे चालणार नाही. तुमच्या पाचांतला ड्रमचा लूप या चाचणीत बहुतेक गळेल, असा माझा अंदाज आहे. ढोल-ताशा असताना पाश्चात्त्य ड्रमसेटला काम उरत नाही. फार तर त्यातली टाळी किंवा हायहॅट कापून ठेवा.

वेगाचं गणित सोपं आहे आणि ते एकदा हातात बसलं की खूप वेळ वाचतो. चार मात्रांचा एक बार किती सेकंदांचा? २४० ला बीपीएमनं भागा. १०० ला बार २.४ सेकंदांचा, १२० ला बरोबर २ सेकंदांचा. उलटंही करता येतं. नावावर वेग न लिहिलेला चार बारांचा लूप ९.६ सेकंद चालत असेल, तर तो १०० चा आहे. लायब्ररीतल्या लूपच्या बाबतीत हे करावं लागत नाही, कारण त्याच्या मूळ वेगाची आणि पट्टीची नोंद लूपबरोबरच असते आणि प्रोजेक्टच्या वेगाला तो आपोआप ताणला किंवा आवळला जातो. १९९८ मध्ये आलेल्या अ‍ॅसिड या सॉफ्टवेअरनं ही सोय लोकांच्या अंगवळणी पाडली. पण तुम्ही बाहेरून आणलेल्या फाइलला अशी नोंद नसते. मग सॉफ्टवेअर अंदाज बांधतं, आणि तो अंदाज बरेचदा निम्मा किंवा दुप्पट निघतो. ७० चा लूप त्याला १४० चा वाटतो. तेव्हा आधी सेकंद मोजा, मग वेग हातानं लिहा.

ताणण्याला मर्यादा आहे. दहा टक्क्यांच्या आत बहुतेक लूप सांभाळून घेतात. त्यापुढे तालवाद्याचा आघात बोथट होतो. टिपरू चामड्यावर पडतं तो क्षण पसरट ऐकू येतो. तुमचा ढोलाचा तुकडा ९२ च्या आसपासचा आहे म्हणता, म्हणजे १०० ला आणताना जवळपास नऊ टक्के. काठावर आहे. पण तिथली खरी अडचण दुसरीच आहे. रस्त्यावर वाजणारं पथक घड्याळाला बांधलेलं नसतं. ताशा चढला की ढोल चढतात आणि आठ आवर्तनांनंतर वेग सुरुवातीपेक्षा वाढलेला असतो. सबंध तुकडा एकाच प्रमाणात ताणलात, तर पहिला बार बसेल आणि सहावा घसरेल. उपाय कष्टाचा आहे: प्रत्येक समेवर कापा, प्रत्येक तुकड्याचं तोंड बारच्या सुरुवातीला आणून ठेवा आणि फक्त तेवढा तुकडा ताणा. सांध्यावर पाच-दहा मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळू उतरवणं-चढवणं) द्या, नाहीतर तिथे ‘टक्’ असा आवाज येईल. प्रत्येक ठोका ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या समान घरांवर, बसवायच्या फंदात मात्र पडू नका. सम पक्की असू द्या, मधलं पुढेमागे राहू द्या. ढोलाची सगळी ऐट त्या पुढेमागे होण्यातच आहे.

एक बारीक गोष्ट. लूप एमपी३ मध्ये असेल, तर फाइलच्या सुरुवातीला एन्कोडिंगमुळे बारीकशी रिकामी जागा येते, साधारण २५ मिलिसेकंदांची. एकदा वाजवताना कळत नाही. तोच तुकडा एकामागून एक जोडला की प्रत्येक फेरीला अडखळल्यासारखं होतं. तालाचा लूप शक्यतो वेव्ह फाइलमध्येच घ्या. ती मिळतच नसेल, तर सुरुवातीची शांतता कापून मगच जोडा.

आता पट्टी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडच्या नव्या संगीतकारांचे लूप सगळ्यांत जास्त इथेच फसतात. लायब्ररीत लूपवर ‘ए मायनर’, ‘डी मायनर’ असं लिहिलेलं असतं आणि आपण गाणाऱ्याला विचारतो, ‘काळी चार का पांढरी पाच?’ ही दोन भाषांची सांगड घालायला पेटी समोर ठेवा. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, असं मोजत गेलं की काळी चार म्हणजे जी शार्प किंवा ए फ्लॅट. लायब्ररीत शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

तुमची चाल भूपाची. काळी चारला सा धरला, तर सा रे ग प ध हे सूर ए फ्लॅट, बी फ्लॅट, सी, ई फ्लॅट आणि एफ असे येतात. आता हेच पाच सूर एफपासून मोजा. एफ मायनर पेंटाटोनिक (पाच सुरांचा मायनर स्वरसमूह) तयार होतो. म्हणजे भूपाच्या धैवताला सा मानलं की धानीचे सूर मिळतात, तीच गोष्ट. याचा व्यवहारातला फायदा असा, की काळी चारच्या तुमच्या गाण्याला लायब्ररीतले ‘एफ मायनर’ लिहिलेले लूपसुद्धा सुरात बसू शकतात. बहुतेक लोक फक्त ए फ्लॅट मेजर शोधतात, थोडेच लूप मिळाले की नाराज होतात आणि शेजारी पडलेला ढीग त्यांना दिसत नाही.

तुमचा पियानो ए मायनरचा आहे. त्याला चार सेमीटोन (पेटीच्या काळ्या-पांढऱ्या धरून चार पट्ट्या) खाली आणलं, तर तो एफ मायनर होईल. बासरी डी मायनरची, ती तीन सेमीटोन वर न्यावी लागेल. कागदावर दोन्ही बरोबर. कानाला मात्र पियानो चार सेमीटोननं जाड आणि मंद होतो, तर बासरी तीननं वर गेली की फुंकीचा आवाज बारीक होऊन खेळण्यातली वाटायला लागते. माझा नियम असा आहे: गायलेल्या किंवा फुंकलेल्या आवाजाला दोन सेमीटोनांपेक्षा जास्त हलवायचं नाही, तारेच्या वाद्याला तीनपर्यंत चालतं. त्यापुढे दुसरा लूप शोधावा. पियानोच्या बाबतीत तर लूपचा मोहच सोडा. दोन-तीन कॉर्ड मिडीवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या वाद्यावर, स्वतः टाकल्यात, तर पट्टीचा प्रश्नच उरत नाही आणि डाव्या हाताची गर्दीही टळते.

आणखी एक फसवा प्रकार असतो. लूपचे सूर जुळतात, तरी गाणं विनाकारण उदास वाटतं. एफ मायनरचा लूप पुन्हापुन्हा एफवर येऊन विसावतो, आणि तुमच्या गाण्यात एफ म्हणजे ध. बहीण सा वर न्यास करते, म्हणजे येऊन थांबते, आणि खालची वाद्यं ध वर टेकतात. ‘मोरया’च्या ओळीखाली अशी कुरकुर नको असेल, तर लूपचा शेवटचा अर्धा बार कापा आणि तिथे सा येणारा तुकडा ठेवा, किंवा बेसला सा वर घट्ट उभं करा. एकदा बेस सा वर राहिला, की वरचे सूर मुकाट त्याच्या मागे येतात.

शिवाय भूपात म आणि नि नाहीत. मेजर किंवा मायनरच्या लूपमध्ये ते हमखास डोकावतात. दोन पर्याय आहेत. गाण्याला ते खपत असतील, तर येऊ द्या. सुगम संगीतात आणि सिनेसंगीतात हे सर्रास चालतं आणि त्यात पाप नाही. पण आलापाच्या जागी बासरीनं मध्यम घेतला आणि तो कानाला खुपला, तर नेमका तेवढा स्वर कापून काढा आणि आधीच्या स्वराची शेपूट फेडनं पसरू द्या. लायब्ररीत ‘इंडियन फ्लूट’ असं लिहिलेलं दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. त्या शीर्षकाखाली बरेचदा कुठलाच राग नसतो, नुसत्या मींडा असतात.

तालाबद्दल एक आडवळणाची सूचना, पुढच्या गाण्यासाठी. या गाण्यात तुमचा ठेका चार-चारच्या मापात बसतो, म्हणून निभावलं. सहा मात्रांच्या दादऱ्यातली चाल आली, की चार मात्रांचे लूप कसेही कोंबले तरी बसणार नाहीत. तेव्हा प्रोजेक्टचं माप बदलायलाच हवं असं नाही. चार-चारच्या एका बारमध्ये ट्रिप्लेटचं ग्रिड लावलं, तर बारा घरं होतात, म्हणजे दादऱ्याची दोन आवर्तनं. ग्रिडची एवढी एक सेटिंग बदलली, की लायब्ररीतले ‘शफल’ आणि ‘ट्वेल्व्ह एट’ लिहिलेले लूप तुमच्यासाठी उघडतात. सात मात्रांच्या रूपकाला मात्र अशी पळवाट नाही. तिथे एकेक आघाताचे सुटे सॅम्पल, ज्यांना वन-शॉट म्हणतात, तेच पॅडवर लावून ठेका स्वतः रचावा.

वेग आणि पट्टी जुळली, की उरतं ते कापणं. मला विचाराल तर लूप वापरण्याचं ऐंशी टक्के कौशल्य इथे आहे. चार बारांचा लूप पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सलग ओढून ठेवला, की तिसऱ्या फेरीला कान तो ऐकणं सोडून देतो. म्हणून दर आठ बारांनी काहीतरी बदला, आणि शक्यतो काढून बदला. अंतऱ्याच्या आधी दोन मात्रा ढोल बंद करा. बासरीचा लूप आठ बारांचा असला, तरी त्यातले दीडच बार ठेवा, जिथे बहीण श्वास घेते तिथे. तोच दीड बार दुसऱ्या अंतऱ्यात शेवटचा स्वर कापून वापरा. ऐकणाऱ्याला वाटेल, की वाजवणारा माणूस गाणं ऐकून उत्तर देतोय. लूप ओळखू येतो तो त्याच्या परत येण्याच्या वक्तशीरपणामुळे. तो वक्तशीरपणा मोडा.

मुखड्यावर परत येताना सगळे ‘रायझर’ नावाचा शूं करून चढणारा आवाज लावतात. गणपतीच्या गाण्यात तो आणू नका, विनंती आहे. आपल्याकडे त्या कामासाठी तिहाई आहे, आणि ती लूप कापूनच करता येते. बारची सोळा घरं करा. ताशाच्या लूपमधून पाच घरांचा तुकडा कापा, ज्याच्या पाचव्या घरात ठसठशीत आघात आहे. तो पहिल्या घरापासून ठेवा, मग एक घर रिकामं, पुन्हा तोच तुकडा, पुन्हा एक घर रिकामं, तिसऱ्यांदा तोच तुकडा. पाच, एक, पाच, एक, पाच मिळून सतरा झाले. सतरावं घर म्हणजे पुढच्या बारची सम. शेवटचा आघात बरोबर तिथे पडतो आणि मुखडा उचलला जातो. त्या बारमध्ये बाकी सगळं बंद ठेवा.

मिक्सिंगबद्दल थोडक्यात, कारण वर सांगितलेली काटछाट झाल्यावर फारसं उरत नाही. १०० हर्ट्झच्या खाली फक्त ढोल आणि बेस राहू द्या, बाकी प्रत्येक लूपला तिथे हाय-पास (खालचा आवाज गाळणारा) फिल्टर लावा. पियानोला तर १५० पर्यंत. दोन लूपमध्ये किक किंवा ढोल एकाच क्षणी पडत असेल आणि एकत्र ऐकल्यावर आवाज वाढण्याऐवजी पोकळ होत असेल, तर लाटा एकमेकींना मारतायत. एक काढून टाका किंवा काही मिलिसेकंद सरकवा. रिव्हर्ब लूपमध्ये आधीच भाजून आलेला असतो, तो निघत नाही. म्हणून ज्या लूपवर सगळ्यांत जास्त रिव्हर्ब आहे, त्याच्या जवळपास जाईल असा एकच रिव्हर्ब निवडा आणि बहिणीच्या आवाजाला आणि इतर कोरड्या लूपना थोडा थोडा द्या. सगळे एकाच जागेत वाजतायत असा भास होईल. मास्टर ट्रॅकवर उणे सहा डेसिबलपर्यंत जागा ठेवा. यूट्यूब आणि स्पॉटिफाय मोठा आवाज उणे १४ लफ्सच्या (लफ्स हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आसपास खाली आणतातच, त्यामुळे भिंतीसारखा सपाट मास्टर करून काही हाती लागत नाही.

बहिणीचा आवाज ब्राउझरमध्येच घेणार असाल, तर ब्लूटूथ हेडफोन नको. त्यांतला उशीर दीडशे-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत जातो आणि गाणारा बेताल नसूनही मागे पडतो. साधा वायरवाला हेडफोन घ्या, आणि रेकॉर्डिंगपुरते बाकीचे टॅब बंद ठेवा.

आता ढोलाच्या तुकड्याबद्दल. इथून दुसरा प्रश्न सुरू होतो.

तो तुकडा दुसऱ्याच्या व्हिडिओतला आहे. वाजवलं पथकानं, रेकॉर्ड केलं कोणीतरी, चढवलं कोणीतरी. यांपैकी कोणाचीही परवानगी तुमच्याकडे नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार एखादं ध्वनिमुद्रण सामावून घेणारं दुसरं ध्वनिमुद्रण करण्याचा हक्क मूळ मालकाचा असतो. ‘सहा सेकंदांपर्यंत चालतं’, ‘आठ मात्रांपर्यंत चालतं’ असलं जे कानावर येतं, त्याला कायद्यात आधार नाही. अमेरिकेतल्या न्यायालयांचंही यावर एकमत नाही. २००५ मध्ये तिथल्या एका अपील न्यायालयानं इवलासा तुकडा असला तरी परवाना घ्या म्हटलं, तर २०१६ मध्ये दुसऱ्या एका अपील न्यायालयानं नगण्य तुकड्याला सूट दिली. तुमचा ठेका सबंध गाण्याखाली वाजतोय, तो नगण्य म्हणताच येणार नाही.

आपल्या गाण्यांचेही तुकडे बाहेर असेच उचलले गेलेत. २००२ मध्ये अमेरिकेत ट्रूथ हर्ट्स या गायिकेचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ गाजलं. त्यात १९८१ च्या ‘ज्योति’ चित्रपटातलं, लता मंगेशकरांनी गायलेलं ‘थोडा रेशम लगता है’ विनापरवाना वापरलं होतं. संगीतकार बप्पी लाहिरी. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेलं आणि लाहिरींना श्रेय दिल्याशिवाय त्याची विक्री करायची नाही, असा आदेश निघाला. आज तर एका क्लिकवर जुन्या गाण्यातून फक्त आवाज वेगळा काढून देणारी साधनं बँडलॅबमध्येही आहेत. आवाज वेगळा काढता आला म्हणून तो तुमचा होत नाही.

‘जुनं गाणं मोकळं असतं’ हेही अर्धंच खरं आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो. पण चाल आणि शब्द यांचा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. तुकोबांचा अभंग घ्या. शब्द सतराव्या शतकातले, ते सगळ्यांचे. त्याला विसाव्या शतकात कोणी लावलेली चाल मात्र त्या संगीतकाराची, आणि तिची ध्वनिमुद्रिका कंपनीची. तुम्ही स्वतःची चाल लावून गायलात, तर कोणाला विचारावं लागत नाही.

ढोलासाठी सगळ्यांत चांगला रस्ता समोरच आहे. गणपतीच्या आधी पथकांचे सराव सुरू होतात. ओळखीच्या पथकप्रमुखाला भेटा, गाण्यात नाव देतो म्हणून सांगा, दोन ओळींची लेखी परवानगी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर असली तरी हरकत नाही. रेकॉर्डिंग करताना पथकाच्या जवळ जाऊ नका. फोनचा माइक ताशाला लगेच फाटतो. पंधरा-वीस पावलांवर उभे राहा, वेव्हमध्ये रेकॉर्ड करणारं अ‍ॅप घ्या, त्यातला आपोआप आवाज कमीजास्त करणारा पर्याय बंद करा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. सबंध ठेका तर घ्याच, पण सराव संपल्यावर एकाला थांबवून सुटे आवाजही घ्या: ढोलावर टिपरू हलकं, मध्यम, जोरात, दुसऱ्या बाजूची थाप, ताशाची एक लांब तर्री, झांजेचा एक उघडा आणि एक दाबलेला आवाज. प्रत्येक आघातानंतर घुमारा विरेपर्यंत कोणी बोलायचं नाही. हे तुकडे सॅम्पलरच्या पॅडवर लावलेत, की वेग ९२ असो का १२०, काहीच ताणावं लागत नाही. लायब्ररीत ‘ढोल’ म्हणून जे मिळतं ते बहुधा पंजाबी ढोलाचं असतं. आपल्या ढोलाचा खर्ज त्यात नाही.

‘रॉयल्टी फ्री’चा अर्थ एवढाच, की गाणं वाजेल तेव्हा दरवेळी लूप बनवणाऱ्याला पैसे द्यावे लागत नाहीत. तो लूप फक्त तुम्हाला दिला, असा त्याचा अर्थ नाही. तोच पियानो आणखी हजारोंकडे आहे. त्यातल्या एखाद्यानं तो उघडा वाजेल असा आपल्या गाण्यात ठेवला आणि ते गाणं वितरकामार्फत (गाणी ऑनलाइन पोचवणाऱ्या कंपनीमार्फत) यूट्यूबच्या कंटेंट आयडी या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणेत घातलं, की यंत्र तुमच्या गाण्यातला तोच पियानो ओळखतं आणि क्लेम पाठवतं. खरं तर ज्यावर एकट्याचा हक्क नाही, असं काही कंटेंट आयडीत घालायला यूट्यूबची परवानगीच नाही. लोक तरी घालतात. तुम्हीही उद्या वितरकाकडे गाणं देताना ‘तयार लूप वापरलेत का’ या प्रश्नाला खरं उत्तर द्या आणि मुख्य सुरावट लूपची असेल, तर कंटेंट आयडीचा पर्याय निवडू नका.

आलेला क्लेम नेमका कशावर आहे, ते आधी बघा. यूट्यूब स्टुडिओत तपशील उघडला, की कुठल्या मिनिटापासून कुठपर्यंत जुळलं ते दिसतं. तिथे पियानो एकटा वाजत असेल, तर आक्षेप नोंदवा, परवाना असल्याचं कारण निवडा आणि लूपचं नाव, लायब्ररी व परवान्यातलं संबंधित वाक्य लिहा. दावेदाराला उत्तराला ३० दिवस असतात. त्यानं काहीच केलं नाही, तर क्लेम आपोआप सुटतो. क्लेम म्हणजे स्ट्राइक (कॉपीराइट मोडल्याबद्दलची यूट्यूबची कारवाई) नव्हे, त्यानं चॅनेल जात नाही. चॅनेल धोक्यात येतं ते ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर. पण क्लेम ढोलाच्या तुकड्यावर असेल, तर आक्षेप घेऊ नका. तिथे समोरच्याचं बरोबर आहे. ढोल बदलून गाणं पुन्हा चढवा.

पुढे हा ताप नको असेल, तर प्रत्येक प्रोजेक्टबरोबर एक साधी टिपणाची फाइल ठेवा: कुठला लूप, कुठून, कुठल्या तारखेला, कुठल्या परवान्यावर. फ्रीसाउंडसारख्या आवाजांच्या संग्रहात, जो बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठानं २००५ पासून चालवलाय, प्रत्येक फाइलचा परवाना वेगळा असतो. सीसी झीरो म्हणजे पूर्ण मोकळं. ‘अ‍ॅट्रिब्युशन’ म्हणजे नाव देणं सक्तीचं. ‘नॉन-कमर्शियल’ लिहिलेलं असेल, तर जाहिराती चालणाऱ्या व्हिडिओत ते घेऊच नका. नाव न दिल्यामुळे परवाना मोडतो, आणि हे व्हिडिओच्या वर्णनात एक ओळ लिहून टाळता येतं.

शेवटी प्रोजेक्ट फक्त ढगात सोडू नका. ब्राउझरवरच्या या सेवांचे मालक बदलत असतात. स्टॉकहोमची साउंडट्रॅप २०१७ मध्ये स्पॉटिफायनं घेतली आणि २०२३ मध्ये ती परत संस्थापकांकडे गेली. तिथे सगळं सुरळीत चालू आहे, पण प्रत्येक ठिकाणी तसंच होईल असं धरून चालू नये. गाणं पुरं झालं, की प्रत्येक ट्रॅक पहिल्या बारपासून वेगळा वेव्हमध्ये उतरवा, कुठलाही इफेक्ट न लावता एकदा आणि लावून एकदा. फोल्डरच्या नावातच वेग आणि पट्टी लिहा: ‘१०० बीपीएम, काळी चार’. परवान्यांचं टिपण त्याच फोल्डरमध्ये. मग पुढच्या वर्षी कोणी पांढरी पाचमध्ये गायचं म्हटलं, तर सगळा डोलारा फक्त एका सेमीटोननं खाली न्यावा लागेल, आणि तेवढं हे सगळे लूप सहज सोसतील.